कपडे कशासाठी, आणि ते ठरवतं कोण?

रंकाळावेस (धागालेखिका)

मे महिन्यात कोल्हापुरात एखाद्या मंगल कार्यालयात दुपारच्या मुहूर्ताला जाऊन उभं राहा. नवरदेव अस्तराच्या शेरवानीत, डोक्याला फेटा. करवल्या जरीच्या साड्यांत, मामा कोटात. घामाने मेकअप ओघळतोय, पंखे गरम हवा फेकतायत, आणि तरीही एकजण कोट काढून ठेवत नाही. 'ऊन, वारा, थंडी यांपासून रक्षण' हे शाळेत आपण सगळ्यांनी लिहिलेलं उत्तर इथे पार उलटं पडतं. अंगाला त्रास होत असतानाही आपण कपडा सोडत नाही.

मी इतिहास शिकवते. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतोच, की माणसाने कपडे घालायला सुरुवात कधी केली? कापड मातीत टिकत नाही, त्यामुळे थेट पुरावा मिळणं अवघड. पण आडवाटेचा एक पुरावा फार सुंदर आहे. माणसाच्या डोक्यात एक ऊ राहते आणि कपड्यांत दुसरी. कपड्यांतली ऊ शिवणीत अंडी घालते, कपडाच नसेल तर ती जगू शकत नाही. म्हणजे या दोन उवा एकमेकींपासून वेगळ्या झाल्या तोपर्यंत माणूस अंगावर काहीतरी नियमित घालत असला पाहिजे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ही फारकत किमान 83,000 वर्षांपूर्वीची, कदाचित 1,70,000 वर्षांपूर्वीची निघाली. मोरोक्कोतल्या एका गुहेत कातडी सोलण्याची हाडांची हत्यारं सापडली आहेत, ती 1,20,000 ते 90,000 वर्षांपूर्वीची. कोल्हा, रानमांजर अशा प्राण्यांची कातडी काढल्याच्या खुणाही तिथल्या हाडांवर आहेत.

उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाला साधारण 27-28 अंशांच्या खाली शरीर गरम ठेवायला जादा ऊर्जा लागते. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो, म्हणजे थंडीचं कारण खोटं नाहीच. पण दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, बर्फाळ वाऱ्यात यागान लोक अंगाला चरबी चोळून, होडीतसुद्धा शेकोटी पेटती ठेवून, खांद्यावर जेमतेम एखादं कातडं टाकून पिढ्यानपिढ्या राहिले. तेव्हा थंडी हे एक कारण. एकमेव नव्हे.

माझं म्हणणं असं: कपडा उबेसाठी सुरू झाला असेल, पण आज सकाळी कपाट उघडल्यावर हात कुठे जातो ते दुसऱ्यांची नजर ठरवते. आणि कुणाची नजर चालते, हा सत्तेचा प्रश्न आहे. आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. जून 2017 मध्ये अंबाबाईच्या मूर्तीला नेहमीच्या काठापदराच्या साडीऐवजी घागरा-चोळी नेसवली गेली आणि कोल्हापूर पेटलं. बघता बघता प्रश्न 'देवीने काय नेसावं' इथून 'ते ठरवण्याचा हक्क कुणाचा' इथे गेला, पुजारी हटावची मागणी झाली आणि 2018 मध्ये वंशपरंपरेच्या पुजाऱ्यांऐवजी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला. एका पोशाखावरून!

तुमच्या अंगावरचे कपडे कोण ठरवतं? मोकळेपणाने लिहा.

उसाचा फड

ताई, इषय लई चांगला काढलासा. पण नजर-बिजर सगळं शहरातलं झालं. आमच्याकडं काम ठरवतंय.

आमच्या आईचा पोशाख सांगतो. लुगडं सोडून गोल साडी नेसाय लागली त्याला लई वर्सं झाली, पण रानात जाताना साडीवर आमच्या दादांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. वरची गुंडी लावायची, बाह्या मनगटापतोर खाली, डोक्याला टॉवेल, आन् मग हातात खुरपं. आमच्या पट्ट्यात भांगलणीला, पाला काढायला जाणारी कुठलीबी बाई बगा, हाच पोशाख. उसाच्या पानाला करवतीवानी धार असती आन् देठाला बारीक कुसं असत्यात. एकदा का कूस कातडीत शिरलं की रातभर झोप न्हाई. ब्लाउजच्या अर्ध्या बाहीनं हात सोलून निघत्यात.

आता बगा, गडीमाणसाचा शर्ट बाईनं घालायचा म्हंजे पूर्वी केवढं झालं असतं. पण रानात कुणी ब्र काढत न्हाई. तीच आई शर्ट घालून गावात दुकानाला जाणार न्हाई, बांधावरच काढून पाटीत ठेवती. मला वाटतं कामाला सूट हाय, बाजारपेठेला न्हाई.

रंकाळावेस

दादा, बांधावर शर्ट काढून ठेवण्याचं तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी थांबलेच. रानात आणि गावात एकाच बाईला दोन नियम. आईंना नमस्कार सांगा.

फॉल पिको

राजारामपुरीत माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, त्यामुळे रोजचाच विषय.

ताई म्हणतात त्या नजरेबद्दल मला एक जास्तीचं सांगायचंय. माप देताना बाई सहसा एकटी नसते. सोबत सासू, आई, नाहीतर नवरा दारात गाडीवर. पाठीचा गळा किती खोल हे विचारलं की मुलगी आधी सोबतच्या माणसाकडे बघते, मग मला सांगते. 'सहा घ्या.' मागून आवाज येतो, 'पाच पुरे.' मी वहीत पाच लिहिते. मग कितीतरी जणी दुसऱ्या दिवशी फोन करतात, 'काकू, सहाच करा, कुणाला कळत नाही.' मी सहा करते. माझ्या मते जिच्या अंगावर घालायचंय तिचं माप चालतं.

दुसरं म्हणजे पैसा, त्याबद्दल कुणी बोललंच नाही. गांधीनगरला होलसेलमध्ये साडी स्वस्तात मिळते, पण तिच्यावर अस्तराचा ब्लाउज शिवायचा, फॉल-पिको करायचं, परकर घ्यायचा, तर शिलाई साडीच्या किमतीच्या वर जाते. म्हणून तर घरोघरी गाऊन आला आणि बाहेर कुर्ती-लेगिंग्ज. लोक म्हणतात बायकांना साडी नको झाली. अहो, परवडत नाही आणि वेळ नाही! सकाळी सहाला डबा करून सातची बस पकडणारी बाई निऱ्या कधी घालणार?

आणि खिसा. शाळकरी पोरी येतात, 'काकू, कुर्तीला खिसा द्या.' तयार कपड्यात तो देत नाहीत. मी उजव्या शिवणीत मोबाइल मावेल एवढा खिसा देते, आत दुहेरी टीप मारून, नाहीतर वजनाने कापड ओढलं जातं. त्याचे जादा पैसे घेत नाही. खिसा असला की पोरीचे दोन्ही हात मोकळे राहतात.

सूत आणि ताणा

इचलकरंजीतून लिहितोय, कापडाच्या धंद्यात आहे. फॉल पिको ताईंच्या पैशाच्या मुद्द्याला जोड देतो.

आपण 'निवड' म्हणतो तेव्हा विसरतो, की दुकानाच्या फळीवर जे आलंय त्यातूनच आपण निवडतो. फळीवर काय येणार हे सूत, माग आणि भांडवल ठरवतं. शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात कापड गिरणी काढली, त्याच सुमारास, 1904 मध्ये, इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला. जहागीरदार घोरपड्यांचं त्याला पाठबळ होतं. त्याआधी हातमागाचं लुगडं वर्षाला एखाददुसरं घेणं म्हणजे घरात मोठी गोष्ट. यंत्रमागाने कापड स्वस्त केलं, मग सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं टेरिकॉट आलं आणि पुढे पॉलिस्टरने सगळंच बदललं.

पॉलिस्टरला लोक नावं ठेवतात, पण त्याने बायकांचे किती कष्ट वाचवले याचा हिशेब कुणी मांडत नाही. सुती धोतर-लुगडी घाटावर नेऊन आपटायची, पिळायची, कांजी करायची, इस्त्री करायची. सिंथेटिक साडी बादलीत बुचकळून दोरीवर टाकली की तासाभरात वाळते. एकच बरी साडी असलेल्या बाईला ती रात्री धुऊन सकाळी नेसता यायला लागली.

तोटाही तितकाच खरा. नेहमीच्या हवेत सुती धागा वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून घाम अंगावर चिकटून राहतो. ज्यांना एसीत बसायचंय ते आज महागडं सुती आणि लिनन घालतात, आणि उन्हात राबणाऱ्याच्या अंगावर पॉलिस्टर. पन्नास वर्षांपूर्वी बरोबर उलटं होतं, टेरिलीनचा, म्हणजे पॉलिस्टरचाच, शर्ट म्हणजे साहेब. कापड तेच, मान बदलला.

तांबडी माती

तालमीतला अनुभव लिहितो भावांनो.

आखाड्यात लंगोट आणि जांगिया, अंगभर तांबडी माती. शेकडो लोकांसमोर एवढ्याच कपड्यांत उभं राहायचं, आणि कुणाच्या मनात लाजेचा विचार येत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात हजारोंची गर्दी असते, त्यात घरच्या वडीलधाऱ्या बायाही असतात. तोच पैलवान तालमीतून बाहेर पडला की पांढरा शर्ट, पांढरी विजार, कडक इस्त्री. उघड्या अंगाने चहाच्या गाड्यावर गेला तर वस्ताद कान धरतील. म्हणजे लाज कपड्याच्या कमी-जास्तीत नाही, जागेत आहे.

आणि कुस्ती मारली की काय मिळतं? गदा, पैसे, आणि फेटा. फेटा बांधताना मान ताठ धरावी लागते, तिथंच छाती भरून येते. ज्याने फेटा बांधून घेतलाय त्यालाच ते कळेल. उबेसाठी कोण बांधतंय तो!

जुना पेठकर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. धागालेखिकेच्या मताशी मी सहमत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. वय सत्तरीच्या पुढे आहे, राग मानू नये.

प्रत्येक नियमात सत्ता शोधायची गरज नाही. देवळात, शाळेत, मयताला, कोर्टात कसं जावं याचे संकेत असतात. वकिलाचा काळा कोट आपण मान्य करतो, मग 2025 मध्ये देवस्थान समितीने अंबाबाई आणि जोतिबाच्या दर्शनाला तोकडे कपडे नकोत असं सांगितलं तर त्यात वाईट काय? आम्ही लहानपणी टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हतो. बोडक्या डोक्याने वडिलांसमोर उभं राहणं म्हणजे त्यांचा अपमान. टोपी गेली, धोतर गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण समोरच्याचा मान राखायला आपण जरा अवघडून घ्यावं, यात मला माणुसकी दिसते. तुमचा मे महिन्यातला कोटही त्याच मापाने बघा. यजमानाने बोलावलंय, आपण नीट कपडे करून गेलो, त्याला बरं वाटलं.

रंकाळावेस

काका, राग कसला, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे. मान राखण्यासाठी नीटनेटकं जाणं मलाही पटतं आणि मीही तशीच जाते. लग्नाच्या कोटाकडे यजमानाच्या बाजूने बघा, हेही मान्य.

माझी अडचण पुढे आहे. संकेत सगळ्यांना सारखा लागू असेल तर तो संकेत. पण इतिहासात कपड्याचे नियम बहुतेक वेळा वरच्याने खालच्याला लावले. त्रावणकोर संस्थानात, म्हणजे आजच्या केरळच्या दक्षिण टोकाकडे, खालची मानलेल्या नाडर जातीच्या स्त्रियांना छाती झाकायची बंदी होती. मान राखायचा तो वरच्या जातीचा, आणि त्यासाठी यांनी उघडं राहायचं. अनेक वर्षांच्या संघर्षानंतर 1859 मध्ये झाकायची परवानगी मिळाली, तीसुद्धा वरच्या जातीच्या स्त्रियांसारखं वस्त्र घेणार नाही या अटीवर. ती अट नीट वाचा काका. अंग झाकण्याला आता हरकत उरली नव्हती. सारखं दिसण्याला होती.

आणि हे आपल्यापासून लांब नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी मुद्दाम कपड्यांबद्दल बोलले. जात ओळखू येईल अशा आखूड लुगड्याची पद्धत आणि ते जडशीळ दागिने सोडा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. कायदा, पाणी, मंदिर हे सगळे मोठे लढे चालू असताना एवढा मोठा माणूस लुगड्याच्या लांबीवर बोलतो, कारण रस्त्यावर माणूस तोंड उघडायच्या आधी कपड्यावरून ओळखला जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतः ते बहुतेक वेळा सूटबुटात. गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 ला मदुराईत उलटा निर्णय घेतला, गरिबाएवढाच पंचा नेसायचा. मला या दोघांत विरोध दिसत नाही. ज्याच्या अंगावर कपडा जन्मापासून होता तो सोडून देऊ शकत होता, ज्याला नाकारला गेला होता त्याने तो मिळवणं गरजेचं होतं.

देवळाच्या नियमाबद्दल एवढंच म्हणेन, की तो करताना समितीच्या खोलीत बायका किती होत्या हा प्रश्न विचारायला हवा.

जुना पेठकर

त्रावणकोरच्या अटीबद्दल मला माहिती नव्हती. शेवटचा प्रश्न योग्य आहे. मी माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण बाकीचं वाचतोय.

कॉलेज कट्टा

एक पटकन मुद्दा. स्कार्फ आणि सनकोट! राजारामपुरीत दुपारी गाडीवरच्या मुली बघा, डोळे सोडून सगळं झाकलेलं. घरच्यांना वाटतं उन्हासाठी, काहींना वाटतं ओळखू येऊ नये म्हणून. मी घालते कारण सिग्नलला कुणी टक लावून बघत बसलं तर मला त्रास होत नाही. ऊन हे कारण खरंच आहे, पण ते सांगायला सोपं पडतं म्हणून पुढे केलं जातं.

आणि कोल्हापुरी चप्पल. आमच्या ग्रुपमध्ये आधी कुणी घालत नव्हतं, 'गावठी' म्हणायचे. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, मूळ कुणाचं हे आधी सांगितलंच नाही, गदारोळ झाल्यावर मान्य केलं. त्यानंतर तेच मित्र शिवाजी चौकाकडून चपला घेऊन आले. जीआय मानांकन (वस्तू मूळ कुठल्या भागाची याची सरकारी नोंद) 2019 पासून आहे, तेव्हा कुणाला फरक पडला नव्हता. मला वाईट वाटतं. आपल्याच कारागिराची वस्तू चांगली आहे हे कळायला परकी नजर का लागावी?

उसाचा फड

कापशीची पायताणं आमच्या आज्ज्याच्या पायात कायम असायची. गावठी म्हणणाऱ्यानी एकदा नवी घालून चार दिस चालून बघावं. पयल्यांदा चावत्यात, तेल पाजलं की मग पायाच्या आकाराची हुत्यात, दुसऱ्याच्या पायात बसत न्हाईत.

शिरोळची सून

पहिल्यांदाच लिहिते आहे.

सगळे कपडे घालण्याबद्दल बोलताहेत, मला काढून घेण्याबद्दल लिहायचंय. माझ्या चुलत सासूबाई फार हौशी. हिरवा रंग जीव की प्राण, चोळीचा खण निवडायला दुकानात तास तास बसायच्या. चुलत मामंजी गेले त्या दिवशी बायकांनीच त्यांच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि कपाटातल्या हिरव्या-लाल साड्या जावांमध्ये वाटल्या गेल्या. कुणी दुष्ट नव्हतं. सगळ्या रडत होत्या आणि वाटतही होत्या. त्यानंतर त्यांच्या अंगावर राखाडी, फिकट निळं, पांढुरकं एवढंच दिसलं. लग्नकार्यात त्या मागच्या खोलीत बसत.

आमच्याच तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र, जोडवी काढणं या प्रथा बंद. शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. बातमी आली तेव्हा मी सासूबाईंना वाचून दाखवली. काही बोलल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला मी हिरवी इरकल घेऊन गेले. चार दिवस ती तशीच घडीत ठेवली होती. मग एके दिवशी घरातच नेसल्या, दार लावून. अजून बाहेर नेसत नाहीत. ठराव गावाने केला, पण त्यांच्या अंगात बसलेली भीती कुठल्या ग्रामसभेत निघणार?

पेठकर काका, तुमच्या मुलीसारखी समजून सांगते, मान राखण्याच्या नावाखाली हे सगळं झालंय.

जुना पेठकर

मुली, वाचलं. आमच्या घरीही झालं आहे, माझ्या बहिणीच्या बाबतीत, आणि तेव्हा घरातल्या आम्हा पुरुषांपैकी कुणीही 'थांबा' म्हटलं नाही. सासूबाईंना घाई करू नका, पण साडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, दिसेल अशी.

फॉल पिको

शिरोळच्या ताई, त्यांच्या मापाचा खणाचा ब्लाउज मी शिवून देईन. जुना ब्लाउज मापाला पाठवा. शिलाई नको.

बावड्याचा पाऊस

गगनबावड्याकडचा आहे. आमच्याकडे कपडा म्हणजे पहिल्यांदा पाऊस. आजोबा घोंगड्याची खोळ घेऊन भातलावणीला जायचे. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी पिऊनही अंगाला ओली लागत नाही, आत ऊब राहते. बायका पानांचं इरलं पाठीवर घेऊन वाकायच्या. आता सगळ्यांकडे प्लास्टिकचा कागद. हलका आहे, स्वस्त आहे, पण आत घामाने माणूस भिजतोच.

पंचगंगेचं पाणी

शेवटी एक कामाची गोष्ट लिहितो. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात मी मदत केंद्रावर होतो. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आले होते. गाड्या भरून कपडे आले आणि त्यातले कितीतरी वापरता येण्यासारखे नव्हते. फाटके, कळकट, पार्टीचे झगमगीत गाऊन, विटके कोट. चार दिवस ओल्या साडीत बसलेल्या एका आजींना मी असाच एक चमकीचा ड्रेस दिला. त्यांनी तो हातात घेतला, घडी केली आणि परत माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, 'बाळा, हे घालून मी कुणापुढं बसू?' थंडीने कुडकुडत होत्या, तरी. या धाग्याचा प्रश्न मला तिथे कळला.

साड्याही भरपूर आल्या, पण परकर आणि ब्लाउज नाहीत. नुसती साडी नेसता येत नाही हे देणाऱ्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आतल्या कपड्यांबद्दल तर बायका स्वयंसेवक पोरांना विचारूच शकत नव्हत्या. शेवटी कॉलेजच्या मुलींचं वेगळं टेबल आडोशाला लावलं, तेव्हा रांग लागली.

तेव्हा पुढच्या वेळी द्यायचंच असेल तर नाडी घातलेले परकर, सैल मापाचे गाऊन, नवीन आतले कपडे, पुरुषांना लुंगी आणि बनियन, लहान मुलांना सुती झबली द्या. धुतलेलं, मापाप्रमाणे वेगळं बांधलेलं आणि वर चिठ्ठी लावलेलं.

फॉल पिको

दादा, परकराची सोय आपण आधीच करून ठेवू शकतो. कापडाचे तुकडे दुकानात पडून असतात. 'सूत आणि ताणा' दादा, ठाणातले उरलेले सुती तुकडे इचलकरंजीतून मिळतील का? उंची 36 आणि 38, कंबर नाडीची, म्हणजे कुणालाही बसतील. मी आणि शेजारच्या दोघी शिवू. जून उजाडायच्या आत तयार हवेत.

सूत आणि ताणा

मिळतील. सुती पॉपलिन पाठवतो. गडद रंग चालतील ना? ओले झाले तरी अंग दिसत नाही.

फॉल पिको

गडदच पाठवा. आणि थोडं हिरवंही टाका.

रंकाळावेस

परकर ठेवायला आमच्या शाळेतली एक कोरडी खोली मिळेल, दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथे पाणी येत नाही. उद्या मुख्याध्यापकांशी बोलून इथेच कळवते.